वरच्या हाताचा चिमटा

चिमटा म्हणजे काही फार मोठी वस्तू नव्हे. अंगठ्याच्या नखाएवढे लोखंडाचे दोन तुकडे, त्यांच्यामध्ये करवतीचं केसासारखं पातं धरायचं आणि बाजूचा पेच बोटांनी आवळायचा, एवढंच त्याचं काम. असल्या चिमट्यावाचून कोणाचं काही अडल्याचं देऊळगाव राजात तोवर कोणी ऐकलेलं नव्हतं. निवृत्त पोष्टमास्तर नारायणरावांचं मात्र अडलं, आणि असं अडलं की चैत्रात सुरू केलेलं काम कार्तिकात संपलं.

करवत होती पायाने चालवायची. बुलढाण्याचा कोणी इंजिनियर साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात नारायणरावांनी ती घेतली होती. दिसायला शिवणयंत्राच्या चुलतभावासारखी. खाली पायटा, बाजूला चाक, आणि समोर पुढे आलेले लोखंडी हात दोन, एक वर, एक खाली. या दोन हातांच्या चिमट्यांत पातं ताणून बसवायचं, पाय हलवायचा, की पातं वरखाली होऊन लाकडात वेलबुट्टी कापत जातं. साहेबाने तिच्यावर काय काय केलं असेल ते असो. नारायणरावांनी सहा वर्षांत दोन तसबिरींच्या चौकटी आणि एक पोपट केला होता. पोपट भिंतीवर लावला तेव्हा शेजारच्या उत्तमरावांनी, वांगं फार हुबेहूब उतरलंय, असं म्हटलं. तेव्हापासून करवतीवर चादर पडली ती पडलीच.

ती चादर निघाली कौशल्याबाईंसाठी.

कौशल्याबाई म्हणजे नारायणरावांच्या पत्नी. माघात एका सकाळी दळण निवडता निवडता त्यांच्या हातातलं सूप गळून पडलं. डावा हात लुळा झाला आणि तोंडाची डावी बाजू खाली ओढली गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मालिशचं तेल दिलं, महिन्याभरात त्या भिंत धरून चालायलाही लागल्या. पण एक गोष्ट त्यांनी कायमची बंद केली. पुढच्या खोलीची खिडकी.

ही खिडकी पेठेच्या रस्त्यावर उघडणारी. गेली अकरा वर्षं दुपारचं आवरलं की कौशल्याबाई तिच्यात बसत. भाजीवाल्या, कासारणी, देवळाकडे निघालेल्या बाया, बाजाराला आलेली खेड्यांतली माणसं, सगळी तिथे दोन घटका थांबत. गावात कोणाचं पत्र आलं हे पोष्टमास्तरांना कळे. पत्रात काय लिहिलं आहे ते कौशल्याबाईंना कळे. नारायणरावांना स्वतःला रस्त्यावरच्या माणसांशी बोलायची सवय नव्हती. सरकारी माणसाने जाळीच्या आड बसावं आणि विचारलं तेवढंच सांगावं, असं त्यांचं एकतीस वर्षांच्या नोकरीत पक्कं झालेलं मत होतं.

"खिडकी काऊन लावून घेतली?" त्यांनी एकदा विचारलं.

कौशल्याबाईंची जीभ अजून जड होती. त्या सावकाश म्हणाल्या, "लोक आधी तोंडाकडे पाह्यतात. अन् मंग पाह्यत नाहीत. ते पाह्यत नाहीत, तेच मले सहन होत नाही."

यावर बोलण्यापेक्षा काही करावं, असं नारायणरावांनी ठरवलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी, वरिष्ठांपुढे प्रस्ताव ठेवावा तसं, एक कागद त्यांच्यापुढे ठेवला. खिडकीला सागवानी जाळी. बाहेरून आतलं दिसायचं नाही, आतून बाहेरचं सगळं दिसेल. नक्षीची भोकं एकूण दोनशे सोळा. "अश्विनात बालाजीची पालखी पेठेतून निघायच्या आधी जाळी बसलेली असेल. तुले पालखी बसल्या जागी दिसली पाह्यजे, अन् तू कोणाले दिसायची नाही."

कौशल्याबाईंनी कागद बराच वेळ पाहिला. "चांगली हाये," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण बसा न जरा इथं."

"आता बसायला वेळ कुठं हाये?" असं म्हणून नारायणराव करवतीवरची चादर झटकायला गेले.

जाळीच्या कामात एक गोम असते. काठ कापायचा तर पातं बाहेरून आत नेता येतं. पण मधलं भोक कापायचं तर आधी गिरमिटाने बारीक छिद्र पाडायचं, वरच्या हाताचा चिमटा ढिला करून पातं सोडवायचं, छिद्रातून ओवायचं, पुन्हा चिमट्यात धरून आवळायचं, आणि मग कापायचं. कापून झालं की पुन्हा सोडवायचं. म्हणजे दोनशे सोळा भोकांना दोनशे सोळा वेळा चिमटा उघडायचा आणि तितक्यांदा मिटायचा. साहेबाच्या चिमट्याने एकेचाळीस भोकांपर्यंत इमानाने नोकरी केली. बेचाळिसाव्याला पेचाचे आटे झिजून सपाट झाले, पातं टणकन निसटलं आणि नारायणरावांच्या नाकाला चाटून गेलं.

नाकावर पट्टी लावून ते आत आले तेव्हा कौशल्याबाई म्हणाल्या, "अब्दुल गनीले दाखवा न."

अब्दुल गनी चावडीपाशी बसून कुलपं, कंदील आणि छत्र्या दुरुस्त करी. नारायणरावांना हे ऐकून मनापासून हसू आलं. विलायतेत घडलेल्या यंत्राला छत्रीच्या काड्या वाकवणारा माणूस हात लावणार? नाकावरची पट्टी ओढली गेल्यामुळे ते हसू त्यांनी अर्ध्यावर आवरलं.

उत्तमराव मात्र न बोलावता आले. उत्तमरावांचं शेत अमडापुराकडे, घर इथे, आणि लक्ष सगळ्यांच्या घरात. करवतीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "सुताराले देऊन टाका, पोष्टमास्तर. आठ दिवसांत जाळी हातात."

"मी माझ्या हातानं करून राह्यलो," नारायणराव म्हणाले.

"ते दिसूनच राह्यलं," नाकाकडे पाहत उत्तमराव म्हणाले. "मंग मोतीराम सोनाराकडून डाग लावून घ्या. सोन्याच्या दागिन्याचा सांधा निघत नाही, तं हे लोखंड काय निघते?"

हे नारायणरावांना पटलं, कारण सोनार हा छत्रीवाल्यापेक्षा केव्हाही वरचा. मोतीरामाने मोठ्या अगत्याने भट्टी फुंकली, वरच्या हातात पातं धरलं आणि धातू वितळवून असा डाग लावला की हत्ती बांधला तरी सुटू नये. नारायणरावांनी दिवसभर पाय मारून जाळीचा बाहेरचा काठ कापला. काय सुरेख काठ झाला! त्यावरून बोट फिरवून ते समाधानाने बेचाळिसाव्या भोकाकडे वळले, आणि पातं सोडवायला गेले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की ते आता या जन्मी सुटायचं नाही. डाग काढताना मोतीरामाने पातं तोडलं आणि चिमट्याचा एक जबडाही. तो सारखा म्हणत होता, "मास्तर, तुम्हीच म्हणाले, पक्का लाव." ते खरंच होतं.

मग नारायणरावांनी जो मार्ग त्यांना जन्मभर ठाऊक होता तो धरला. त्यांनी पत्र लिहिलं. मुंबईच्या एका हत्यारांच्या दुकानाला, इंग्रजीत, तीन परिच्छेदांचं. यंत्राचं वर्णन, चिमट्याचं वर्णन आणि समारोप. दुकानाने यंत्राचा नंबर मागवला. नंबराची पट्टी साहेबाच्या काळातच घासून गेली होती. नारायणरावांनी तसं कळवून चिमट्याची आकृती काढून पाठवली. ज्येष्ठ गेला, आषाढ लागला. रोज दुपारी टपाल यायच्या वेळेला ते कोट चढवून पोष्टात जाऊन उभे राहत. रोज दुपारी कौशल्याबाई बंद खिडकीच्या खोलीत एकट्या असत. हे दोन्ही एकाच वेळी घडत होतं, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं नारायणरावांना तेव्हा वाटलं नाही.

शेवटी व्ही.पी.ने पार्सल आलं. नवा पोष्टमास्तर तरुण होता. नारायणराव सवयीने आतल्या दारापाशी गेले तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "काका, रांगेत या." ज्या खिडकीच्या आत त्यांनी अकरा वर्षं काढली तिच्या बाहेर ते एका शेळीवाल्याच्या मागे उभे राहिले. शेळीही होती.

"आधी उघडून पाहू द्या," पार्सल हाताला हलकं लागलं म्हणून ते म्हणाले.

"पैसे भरल्याशिवाय उघडता येत नाही, काका. नियम आहे."

नारायणरावांनी पैसे मोजले. हाच नियम त्यांनी अकरा वर्षं अख्ख्या गावाला सुनावला होता. एकदा एका रडणाऱ्या बाईलासुद्धा. त्या बाईचं तोंड त्यांना त्या क्षणी लख्ख आठवलं आणि उगीचच कान गरम झाले.

घरी येऊन दोरी सोडली. आत भुसा, भुशात निळ्या काचेचा टेबलावर ठेवायचा दिवा. मुंबईच्या कोणा कारकुनाने 'क्लॅम्प'चा 'लॅम्प' वाचला होता. आकृतीचं त्याने काय केलं ते देव जाणे. ज्या अक्षराची एका सुपरिंटेंडंटाने शेरेबुकात तारीफ लिहिली होती, त्या अक्षराची ही गत! नारायणराव पलंगावर बसले.

कौशल्याबाईंनी उजव्या हाताने दिव्याची काच पुसली. "दिवा तं चांगला हाये," त्या म्हणाल्या. "खिडकी लावली का दुपारीही अंधारच असते इथं."

मग पावसाची झड लागली आणि जालन्याची मोटार महिनाभर बंद पडली. ती सुरू झाली तेव्हा उत्तमराव नवी बातमी घेऊन आले. जालन्याला जिनिंगच्या कारखान्यात त्यांच्या ओळखीचा फिटर होता, तो वाटेल ते लोखंड घडवून देई. जालना म्हणजे मोगलाई. देऊळगावापासून काही कोसांवर वऱ्हाड संपे आणि पलीकडचं राज्य लागे, मध्ये जकातीचा नाका. पालखीला तीन आठवडे उरले होते. नारायणरावांनी करवतीचा वरचा हात उखडला, फडक्यात गुंडाळला आणि मोटारीत बसले.

नाक्यावरचा कारकून वयस्क, चष्मेवाला, फार सभ्य माणूस होता. त्याने फडकं सोडलं आणि तो लांबट वाकडा लोखंडी हात पाहून विचारलं, "जनाब, हे काय आहे?"

"करवतीचा हात."

त्याने नोंदवहीची पानं उलटली. करवत होती, हात नव्हता. "बंदुकीचा तर भाग नाही?" असं त्याने विचारताच मोटारीतल्या एका म्हाताऱ्याने आपली गाठोडी उचलून मागच्या बाकावर नेली. अर्धा तास विचार करून कारकुनाने 'शिवणयंत्राचे सुटे भाग' या सदरात लिहिलं: 'लोखंडी हात एक, त्यास चिमटा एक, मोडका.' लिहून झाल्यावर त्याने ते वाचून दाखवलं. नारायणरावांना त्याचं कामकाज पाहून बरं वाटलं. असा काटेकोर माणूस त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

फिटरने पंधरा दिवसांचा वायदा केला आणि एकवीस दिवस लावले. त्यामुळे हात आणायला जायचा दिवस नेमका पालखीचा आला.

"आज नका जाऊ," कौशल्याबाई म्हणाल्या.

"दुपारच्या आत परत येतो. चिमटा बसवतो, होतील तेवढी भोकं पाडतो, फळी तशीच खिडकीत उभी करतो. पालखी संध्याकाळी हाये. तुले दिसलीच पाह्यजे."

"मले पालखीचं काही नाही. तुम्ही घरी..." त्यांची जीभ अडखळली. तोवर मोटारीचा भोंगा वाजला आणि नारायणराव छत्री घेऊन निघाले.

फिटरचा चिमटा पाहून मात्र त्यांचं मन भरून आलं. काय भक्कम काम! मूळच्या दुप्पट जाड. तो हात मांडीवर घेऊन ते परत निघाले आणि दुपारी नाक्यावर आले. तोच कारकून, तीच नोंदवही.

"जाताना लिहिलंय, 'चिमटा एक, मोडका,'" तो म्हणाला. "हा मोडका आहे का, जनाब?"

"नाही. दुरुस्त केला."

"म्हणजे मोडका चिमटा आमच्या मुलखात राहिला आणि अख्खा चिमटा बाहेर चालला. ही वस्तू आत आलेलीच नाही, तर परत कशी जाणार?"

नारायणरावांनी नोंद स्वतः वाचून पाहिली. युक्तिवादात कुठेच फट नव्हती. ते स्वतः त्या खुर्चीत असते तर त्यांनी शब्दन्‌शब्द हेच म्हटलं असतं. फिटरचा दाखला आणा, असं कारकून सुचवत होता, तेवढ्यात मोटारवाल्याने थांबायला नकार दिला. मोटार त्यांच्या डोळ्यांदेखत देऊळगावाकडे गेली आणि मागे धुळीचा लोट उरला.

ऊन कलू लागलं. नाक्याच्या बाकावर बसून नारायणराव धुळीकडे पाहत राहिले. मग उठले, कारकुनाच्या टेबलापाशी गेले, आणि जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. नियम मोडायची विनंती केली.

"माझी बायको आजारी आहे," ते म्हणाले. "आज पालखी आहे. तिचं तोंड वाकडं झालंय म्हणून ती खिडकीत बसत नाही. हा चिमटा तिच्या खिडकीच्या जाळीसाठी आहे." आणि एवढं बोलून झाल्यावर त्यांना कळलं की गेल्या आठ महिन्यांत हे त्यांनी कोणापाशीच बोलून दाखवलं नव्हतं.

कारकुनाने चष्मा काढून पुसला. मग त्याने टाक बुडवला आणि लिहिलं: 'चिमटा एक, मोडका, दिसण्यात अख्खा.' खाली सही केली. "जा, जनाब. पायी गेलात तर दिवेलागणीला पोहोचाल."

खांद्यावर लोखंडी हात टाकून नारायणराव चालत निघाले. गावात शिरले तेव्हा पेठेच्या रस्त्यावर गुलाल सांडलेला होता आणि झांजांचा आवाज देवळाकडे लांब गेला होता. घरात निळा दिवा लागलेला. कौशल्याबाई बंद खिडकीशी जमिनीवर बसल्या होत्या, झडपेला कान लावून.

"गेली?" नारायणरावांनी विचारलं.

"गेली. इथं थांबली होती जराशी. गोजरबाईनं बाहेरून खिडकी वाजवली, म्हणे उघड वहिनी, दर्शन घे." गोजरबाई म्हणजे उत्तमरावांच्या घरधनीण. "मी उघडली नाही."

नारायणरावांनी चिमटा दिव्याजवळ धरून त्यांना दाखवला. त्यांनी पाहिलाही.

दुसऱ्या दिवशी तो भक्कम चिमटा करवतीवर चढला आणि त्याने तिसऱ्या भोकात चार पाती तोडली. वजनच इतकं की वरचा हात खाली येताना हिसका देई. पात्यांच्या पुडक्यात आता सहाच पाती राहिली होती. नारायणरावांनी हात पुन्हा उखडला, फडक्यात न गुंडाळता तसाच काखेत घेतला आणि भर बाजारातून चालत चावडीपाशी गेले.

अब्दुल गनीने आधी हाताकडे पाहिलं, मग नारायणरावांच्या धुळीने भरलेल्या जोड्यांकडे. "बसा, मास्तरसाहेब."

छत्रीवाल्याच्या पोत्यावर नारायणराव बसले. अब्दुल गनीने जालन्याचा चिमटा बोटांत फिरवला. "मजबूत हाये. पण याले मजबुतीचं काय काम? यानं फक्त धरलं पाह्यजे, अन् वेळ आली का सोडलं पाह्यजे." त्याने जुन्या कुलपाची पितळी जीभ काढली, तिचे दोन तुकडे केले, आतल्या बाजू कानशीने खरवडून घेतल्या म्हणजे पातं सरकायचं नाही, आणि सायकलच्या एका पेचाने ते जोडले. मान वर न करता तो म्हणाला, "घरवाली चैत्रापासून सांगून राह्यली, माय खिडकीत दिसत नाही म्हणून. अख्तरी. चुड्या विकते, तुमच्याच गल्लीत येते. मी म्हटलं, मास्तरसाहेबाच्या घरी जाऊन कसं पुसावं? तुम्ही आधी काऊन नाही आले?"

नारायणरावांपाशी या प्रश्नाला तीन परिच्छेदांचं उत्तर तयार होतं. ते त्यांनी दिलं नाही. दोन तासांत चिमटा झाला.

आणि तो चिमटा काय चालला! उघडायचा, मिटायचा, पातं धरायचा, सोडायचा. सकाळी स्नान झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत नारायणराव पाय मारत. घरभर सागवानाचा भुसा झाला, वरणात भुसा, अंथरुणात भुसा. दोन पाती शिल्लक असताना दोनशे सोळावं भोक पडलं. कार्तिकात एका सकाळी त्यांनी स्वतः आठ पेच पिळून जाळी खिडकीत बसवली. उत्तमराव रस्त्यावर उभं राहून पाहून गेले आणि म्हणाले, "काही दिसत नाही हो आतलं! बरोबर झाली." पोपटानंतर उत्तमरावांनी त्यांना दिलेली ही पहिली दाद.

दुपारी कौशल्याबाईंनी चांगलं लुगडं नेसून केस विंचरले आणि नऊ महिन्यांनी त्या खिडकीत बसल्या. नारायणराव मागे दाराशी उभे राहिले. जाळीतून ऊन येऊन त्यांच्या तोंडावर भोकाभोकांची नक्षी पडली होती, त्यात वाकडं काय आणि सरळ काय ते कळत नव्हतं.

रस्त्याने बाजाराची माणसं गेली. मेथीवाली गेली. देवळाकडच्या बाया गेल्या, त्यांतली एक म्हणत होती की पोष्टमास्तरांनी जाळी काय झकास केली. गोजरबाई पाण्याला गेल्या आणि आल्या. मग "चुड्याऽऽ" अशी हाक देत डोक्यावर टोपली घेतलेली अख्तरी आली. जाळीपाशी येताच तिने परक्या घरासमोरून जाताना घेतात तसा पदर पुढे ओढून घेतला आणि चालू लागली.

"अख्तरी," कौशल्याबाईंनी हाक मारली. जड जिभेची हाक जाळीच्या बाहेर गेली नाही. अख्तरी वळणावर दिसेनाशी झाली.

तासभर त्या तशाच बसून होत्या. मग त्यांनी मान वळवली. "हे काढा."

"काढू?" नारायणरावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आठ महिने... अगं, तू दिसत नाहीस कोणाले! तेच तं पाह्यजे होतं!"

"मलेही वाटलं, तेच पाह्यजे." त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, डाव्यातून तर ते माघापासून सारखंच येई. "तुमचं काम चांगलं हाये हो. एवढं कोणी बायकोसाठी करत नाही. पण मी या लोकांले दिसत नाही, म्हणून कोणी थांबत नाही. काढा."

नारायणराव पाठमोरे होऊन अंगणात गेले. त्यांना फार राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. मुंबईच्या कारकुनावर, फिटरवर, मोतीरामावर, सगळ्यांवर पाळीपाळीने रागावून झाल्यावर उरलेला राग त्यांचा त्यांच्यावरच आला, आणि मग तो राग राहिला नाही. त्यांनी पेचकस घेतला, आठ पेच काढले आणि जाळी उतरवून भिंतीला टेकवली. पुढे उत्तमरावांनी ती न्हाणीघरासाठी मागून नेली. तिथे ती अगदी मापाची बसली.

दुसऱ्या दुपारी अख्तरी आली तेव्हा खिडकी सताड उघडी होती आणि खिडकीत कौशल्याबाई होत्या. अख्तरी थबकली. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नारायणराव आतल्या खोलीत उभे होते; त्यांना वाटलं, आता ही नजर काढून घेईल. अख्तरीने नजर काढली नाही. टोपली ओट्यावर ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हात दे, माय. हात सुने हायेत."

कौशल्याबाईंनी उजवा हात पुढे केला. मग डावा, उजव्या हाताने उचलून. अख्तरीने तो मऊ लुळा हात हातात घेतला आणि हिरव्या बांगड्या एकापाठोपाठ एक सरकवल्या. "पाह्य! या हातात किती लवकर गेल्या. हा हात आवळतच नाही. सगळ्या गावच्या बायांचे असे हात असते, तं माझ्या अर्ध्या चुड्या फुटल्या नसत्या!"

आणि कौशल्याबाई हसल्या. अर्ध्याच तोंडाने, पण मोठ्याने. नारायणराव आतल्या खोलीत खाली बसले. माघानंतर हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता, आणि तो ऐकू येत नाही हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून ते दुपारी कुठे गेले नाहीत. खिडकीच्या आतल्या अंगाला, रस्त्यावरून दिसणार नाही असे भिंतीला टेकून बसत आणि बायकांच्या गप्पा ऐकत. देऊळगावात इतक्या गोष्टी घडतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मधूनच कौशल्याबाई न वळता उजवा हात मागे करीत, पानाचा डबा मागायला, आणि तो मिळाल्यावरही हात थोडा वेळ तसाच राही.

पौषात दुसरा झटका आला. दोन दिवसांत सगळं संपलं. गोजरबाई रडत म्हणाल्या, भाग्याची, हिरव्या बांगड्यांनी गेली. नारायणरावांनी मान हलवली. यात भाग्य कोणाचं, ते त्यांनी कोणाला विचारलं नाही.

चौदावा झाला, पाहुणे गेले, आणि दुपारी घरात एकदम कोणी उरलं नाही. नारायणरावांनी पुढची खिडकी उघडली. उघडून मागे भिंतीशी न बसता ते खिडकीतच बसले, कारण बसायची दुसरी जागा त्यांना सुचेना. रस्त्याने माणसं जात होती. काहींनी पाहिलं आणि नजर काढली.

अख्तरी आली. ती थांबली, आणि आता काय बोलावं हे तिला समजेना. नारायणरावांनाही समजेना. आयुष्यात ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"त्या करवतीचा चिमटा होता न," ते म्हणाले, "तो आधी मोतीराम सोनारानं बिघडवला."

अख्तरीने टोपली ओट्यावर उतरवली आणि ती पायरीवर बसली. मग नारायणरावांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. डाग, दिवा, शेळीवाल्याच्या मागची रांग, नाका, 'दिसण्यात अख्खा', खांद्यावरचा हात, आणि पालखी. अब्दुल गनी तिचा नवरा होता. तिला यातलं सगळं आधीच ठाऊक होतं. ऊन ओट्यावरून खाली उतरलं तरी ती बसून ऐकत होती, आणि ते कुठे थांबले की म्हणत होती, "हाव? अन् मंग?"